बरडावरचे गोटे मोजताना

वेणा नदीच्या खोऱ्यात, नागपूर आणि वर्धा जिल्ह्यांच्या शिवेलगत आमचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाचं लांबलचक बरड आहे. तिथं कापूस-तूर होत नाही, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या गुरांसाठीच राहिलं. पावसाळ्यात त्यावर तरोटा माजतो. होळीनंतर सगळं वाळून उघडं पडलं, की गोटे दिसू लागतात. काळे, ढोपराएवढे, काही त्याहून मोठे, आणि सगळे गोलाकार मांडलेले. एका गोलाशेजारी दुसरा, नालीपलीकडे तिसरा. जुनी माणसं त्यांना गवळ्यांचे वाडे म्हणतात. गवळी राजा होता, त्याची जनावरं या गोलांत बसायची, असं माझी आजी सांगायची.

हे वाडे नाहीत, ही दफनाची ठिकाणं आहेत, हे आमच्या मंडळातल्या बहुतेकांना वाचनालयात कळलं. मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले आमचे गुरुजी महिन्यातून एकदा संध्याकाळी तिथं इतिहासावर बोलायचे, आणि त्या बैठकीचंच पुढं मंडळ झालं. त्यात एक निवृत्त भूकरमापक काका आहेत, कुंभारवाड्यातले आबाजी आहेत, दहावी-बारावीची पोरंपोरी आहेत, आणि गावची गुरं राखणारे गायकीभाऊ आहेत. बरडावर कुठं किती गोल आहेत हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मंडळ होईपर्यंत त्यांना ते कुणी विचारलंही नव्हतं.

गुरुजींनी पहिल्याच बैठकीत टाकळघाटचं नाव घेतलं आणि सगळे सरसावून बसले, कारण टाकळघाट आमच्या पोरांच्या तोंडी एमआयडीसीमुळे रोजचंच. स्टीफन हिस्लॉप हे नागपूरचे मिशनरी, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही नागपुरात आहे, ते 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची ही वर्तुळं पाहायला आले होते आणि परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. पुढं 1879 मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीच्या वर्तुळांबद्दल लिहिलं. तिथं सुमारे 300 वर्तुळं आहेत. त्यानंतर नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी 1968-69 मध्ये टाकळघाट-खापा इथं आणि 1970 नंतर माहुरझरीला शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. तेव्हा ही वर्तुळं रचणाऱ्या लोकांची ओळख पटली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातले, लोखंड वापरणारे, घोडे बाळगणारे लोक. माहुरझरीला माणसांसोबत घोडाही पुरलेला सापडला, तांब्याच्या दागिन्यांनी सजवलेला. पेंचकाठच्या नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. कुऱ्हाडीचं पातं दांड्याला लोखंडी कड्यांनी आवळायची त्यांची पद्धत होती. हे गुरुजींनी फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा मागं बसलेला लोहाराचा पोरगा उठून फळ्याजवळ आला आणि कडी नेमकी कुठं बसत असेल ते बोटानं दाखवू लागला.

आता करायचं काय, यावर मात्र बराच वाद झाला. खणून पाहू, असं तरुण पोरांचं म्हणणं. विद्यापीठात पुरातत्त्व शिकलेल्या एक ताई आम्हाला शिकवायला यायच्या, त्यांनी पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितलं की खुरपंसुद्धा बरडावर न्यायचं नाही. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, हा झाला कायदा. खरं कारण त्याहून मोठं होतं. दफनातलं भांडं कुठल्या थरात होतं, कुठल्या दिशेला होतं, त्याच्याशेजारी काय होतं, यावरूनच ते काय सांगतं ते कळतं. तेच भांडं उचलून वाचनालयाच्या कपाटात ठेवलं तर तो नुसता घट उरतो. आमचं काम नोंदीचं. कोणता गोल कुठं आहे, केवढा आहे, कोणत्या अवस्थेत आहे, हे कागदावर आणायचं. विद्यापीठातले लोक फार तर एखाद्या हंगामाला येतात. आम्ही रोज त्या वाटेनं शेतात जातो, त्यामुळे उद्या तिथला एक गोटा हलला तर तो आम्हालाच दिसणार.

सर्वेक्षण आम्ही उन्हाळ्यात धरलं. हरभरा निघालेला असतो, गवत वाळलेलं असतं, मजुरीची कामं कमी असतात. पहाटे पाचला निघायचं आणि नऊच्या आत परतायचं, कारण नऊनंतर त्या उघड्या मुरमावर उभं राहवत नाही. गायकीभाऊ पुढं, बाकी मागं. ते काठीनं दाखवत जायचे, "हा एक. हा अर्धाच रायला. त्या पळसाखाली एक आहे, पण तो बुजला."

एक गोल कसा मोजला जातो ते सविस्तर सांगते, कारण इतर गावांत कुणाला हे करायचं असेल तर उपयोगी पडेल. आधी गोलाचं मध्य काढायचं. समोरासमोरच्या दोन गोट्यांच्या मध्ये टेप ताणायची, मग तिला आडवी दुसरी, आणि जिथं दोघींचे मध्य जुळतील तो गोलाचा मध्य. तिथं खुंटी ठोकायची, असं भूकरमापक काकांनी सवयीनं सांगितलं. ताई म्हणाल्या, खाली दफन असतं, मध्यावर काहीही ठोकायचं नाही. मग काकांनी डालड्याचा जुना डबा रेतीनं भरला आणि त्यात बांबूची काठी उभी केली. तो डबा पुढं आमच्या प्रत्येक गोलाच्या मध्यावर बसला. काठीशी होकायंत्र धरायचं आणि उत्तरेकडून सुरुवात करून प्रत्येक गोट्याचा कोन नि मध्यापासूनचं अंतर वाचायचं. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं परत म्हणायचं, तिसऱ्यानं लिहायचं. गोट्याची लांबी, रुंदी, जमिनीवरची उंची, तो उभा आहे की कलला आहे की पडला आहे, आणि जिथं गोटा नाही पण खळगा आहे तिथं "काढून नेलेला" असं लिहायचं. मग आलेखाच्या कागदावर 1 मीटरला 1 सेंटीमीटर या मापानं नकाशा. आमचा सगळ्यात चांगला राहिलेला गोल 14 मीटर व्यासाचा निघाला. आतला भाग बाहेरच्या जमिनीपेक्षा किंचित उंच, बारीक गोट्यांनी भरलेला. कागदावर त्याचे सगळे ठिपके जोडले तेव्हा वर्तुळ इतकं बिनचूक आलं की काका बराच वेळ कागद हातात धरून बसले. आयुष्यभर त्यांनी लोकांची वावरं मोजली होती. ते म्हणाले, "दोरी लावल्याबिगर हे होत नाही. मध्यावर कोणीतरी खुंटी धरून उभा होता."

फोटोचेही नियम होते. प्रत्येक फोटोत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मापकाठी, उत्तर दाखवणारा बाण, आणि पाटीवर गोलाचा क्रमांक. क्रमांक गोट्यावर रंगानं लिहायचा नाही. शेंदूर लावायचा नाही. हे शेवटचं सांगावं लागलं, कारण बरडाच्या टोकाला एका उभ्या गोट्याला कधीपासून म्हसोबा म्हणून पुजतात. त्या गोट्याची नोंद आम्ही पूजेसकट केली, आणि त्याला हात न लावता.

खळग्यांच्या गोट्याचं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. जुनापाणीच्या काही शिळांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, आणि रिव्हेट-कार्नॅकनंही त्यांची दखल घेतली होती. आमच्याकडे तसं काही आहे का म्हणून आम्ही सकाळी सकाळी शोधत राहिलो आणि काही सापडलं नाही. काळ्या पाषाणाला मुळातच बारीक छिद्रं असतात, त्यात कोरीव काय आणि उन्हापावसानं झालेलं काय हे ऊन वर आलं की ओळखू येत नाही. एक दिवस संध्याकाळी नववीतली एक पोरगी गायकीभाऊंसोबत गुरं वळायला गेली होती. मावळतीचं ऊन गोट्यावरून आडवं येत होतं आणि त्या उन्हात तिला एका पडलेल्या गोट्यावर सावल्यांची ओळ दिसली. ती धावत वाचनालयात आली. आम्ही टॉर्च घेऊन गेलो, टॉर्च जमिनीलगत आडवा धरला, आणि एकामागून एक खळगे उमटले. सगळे एकाच आकाराचे, बोटाचं पेर बुडेल एवढे, दोन समांतर ओळींत. तिनं बाटलीतलं पाणी अलगद ओतलं तर प्रत्येक खळगा काठोकाठ भरून थांबला. निसर्गानं झालेली छिद्रं वेडीवाकडी असतात आणि अशी रांगेत बसत नाहीत. ताईंनी फोटो पाहून फोनवरच सांगितलं, जागा सोडू नका, कागदावर प्रत्येक खळग्याचं अंतर घ्या. त्या रात्री ते अंतर त्या पोरीनंच घेतलं आणि नोंदीखाली सही तिचीच आहे.

गावाची बाजू सोपी नव्हती. पहिल्या आठवड्यापासून विचारणा सुरू झाली. "ताई, हंडा निघाला का जी?" हा प्रश्न रोजचा. त्यावर आम्ही प्रत्येकाला नकाशाचा कागदच दाखवायचो. हंड्याची शंका काही दिवसांत विरली. जमिनीची भीती मात्र खोल होती. काही गोल बरडावरून खाली उतरून लोकांच्या वावरात गेले आहेत. एका भाऊंच्या दोन एकरांत तीन गोल. ते सरळ म्हणाले, "आज तुम्ही मोजून राहिले, उद्या सरकार येईल अन् म्हणंल, नांगर लावू नको. मंग मी खाऊ काय?"

या भीतीला थातूरमातूर उत्तर देऊन चालत नाही. आम्ही त्यांना जे खरं होतं ते सांगितलं. एखादं ठिकाण राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून संरक्षित जाहीर झालं, तर 1958 च्या कायद्यानं आणि त्याच्या 2010 च्या दुरुस्तीनं त्याच्या भोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी येते आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. आमच्या वहीत नोंद झाली म्हणून तसं काही होत नाही, त्यासाठी सरकारची अधिसूचना लागते आणि हरकत घ्यायला मुदत मिळते. सातबाऱ्यावर आम्ही काही चढवत नाही, तो अधिकारच आमचा नाही. हे ऐकून भाऊ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतः आले आणि धुऱ्यात, म्हणजे वावराच्या बांधात, रचलेले मोठे गोटे कोणत्या गोलातून आजोबांनी उपटले होते ते दाखवलं. त्यामुळे आमच्या नकाशावरचे "काढून नेलेले" सात ठिपके भरले.

पुढच्या हिवाळ्यात मुरूम निघू लागला. गावाजवळून जाणाऱ्या रस्त्यासाठी एका कंत्राटदाराला बरडाच्या दक्षिण उतारावरून मुरूम उचलायची परवानगी मिळाली होती. आम्हाला कळलं तोवर जेसीबीनं दोन गोल अर्धे खाल्ले होते. पोरं भडकली, गाडी अडवायला निघाली. गुरुजींनी त्यांना थांबवलं आणि आधी कागद काढायला लावला.

कागद काढल्यावर जे दिसलं ते आम्हाला पचवायला अवघड गेलं. आमच्या भागात मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, 1951 मध्ये गेली, पण गावकऱ्यांचे पडीत जमिनीवरचे हक्क निस्तारपत्रकात लिहिलेले असतात, आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मध्येही त्याची तरतूद आहे. चराई कुठं, लाकूडफाटा कुठून, मुरूम-दगड-माती कुठून घ्यायची, हे सगळं त्यात असतं. आमच्या निस्तारपत्रकात त्या गटासमोर चराई होती आणि त्यापुढं मुरूमही होता. म्हणजे बरडाचा मुरूम काढणं कागदोपत्री चूक नव्हतं. शिलावर्तुळांचा उल्लेख कुठल्याच दप्तरात नव्हता. परवानगी देणाऱ्या माणसाच्या टेबलावर ते बरड म्हणजे नुसतं बरड होतं. वही पूर्ण करायची घाई किती होती हे त्या दिवशी मला नीट समजलं.

आम्ही त्याच संध्याकाळी सरपंचांकडे वही घेऊन गेलो. सगळे नकाशे, गटनंबर, फोनवर घेतलेले अक्षांश-रेखांश, फोटो. ग्रामसभेत ठराव आला की वर्तुळं असलेल्या भागातून मुरूम उचलू नये, उताराच्या पश्चिमेला जिथं एकही गोल नाही तिथून उचलावा. पश्चिमेची जागा काकांनी मोजून दिली होती, म्हणून कुणाचं काम अडत नव्हतं आणि ठरावाला विरोधही झाला नाही. ठरावाची प्रत तहसील कार्यालयात आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयात दिली. तलाठी पाहणीला आले, पंचनामा झाला, आणि यंत्र पश्चिमेला गेलं.

त्या कापलेल्या गोलाची उभी बाजू मी पंचनाम्याच्या वेळी जवळून पाहिली. वर बोटभर माती. तिच्याखाली मुठीएवढे गोटे दाटून भरलेले. त्याखाली मुरमात खणलेला खड्डा, आणि त्यात काळीशार चिकण माती. आमच्या बरडावर काळी माती चिमूटभरही नाही. ती खालच्या नाल्याकाठची आहे, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक शेतकऱ्यानं बोटांत चोळून सांगितलं. कुणीतरी मेलं, आणि त्याच्यासाठी लोकांनी नाल्यावरून डोक्यावर काळी माती वाहून या चढावर आणली, खड्ड्यात भरली, वर गोटे रचले, मग दोरी धरून मोठे गोटे ओढत आणून कडेनं उभे केले. नाला तिथून चांगला अर्धा कोस आहे. पंचनामा लिहिणारे तलाठीसुद्धा लिहिता लिहिता थांबून नाल्याकडे पाहत होते.

त्या काळ्या मातीत खापरं दिसत होती. पंचांसमोर फोटो काढून, जागा नोंदवून जी सुटून खाली पडली होती ती पिशवीत घालून सीलबंद केली आणि पुरातत्त्व विभागाच्या हवाली केली. जमिनीत सापडलेल्या वस्तूंची खबर शासनाला द्यायची असते, 1878 पासून निखात निधीचा कायदाच आहे. देण्याआधी आबाजींना ती खापरं हातात न घेता पाहू दिली. आतून आणि कडेला काळी, बाहेरून लाल. पुस्तकात याला काळी-तांबडी भांडी म्हणतात. आबाजींनी पाहताक्षणी सांगितलं, "उपडं ठेवून भाजलं. तोंड राखेत दाबलं, आत हवा गेली नाही, म्हणून आतून काळं. बाहेर हवा लागली, लाल झालं." तोंडाची कड एवढी पातळ कशी उतरवली असेल याचं मात्र त्यांना नवल वाटत होतं. पुढच्या भट्टीत त्यांनी दोन गाडगी तशीच उपडी भाजून वाचनालयात आणून दिली. एकाची कड बरीच जमली आहे. शाळेच्या पोरांना काळं-तांबडं कसं होतं हे आता मी त्यांवरूनच दाखवते.

अर्धे गेलेले दोन गोल गेलेच. त्यांचे नकाशे वहीत आहेत, पहिल्या उन्हाळ्यात घेतलेले, आणि आता तेवढेच त्यांचं पूर्ण रूप आहे. वहीच्या तीन प्रती आहेत. एक वाचनालयात, एक ग्रामपंचायतीत, एक पुरातत्त्व विभागात. पोळा झाल्यावर आणि होळीनंतर गायकीभाऊ आणि दोन पोरं प्रत्येक गोलावरून फिरून येतात आणि हललेला गोटा असेल तर तारखेसकट लिहितात. शेजारच्या दोन गावांतले लोक वही पाहून गेले, त्यातल्या एका गावात मोजणी सुरूही झाली, आणि रेतीचा डबा त्यांनी आमच्याकडून पाहूनच केला.

आता आमच्यासमोर दुसरा प्रश्न आहे. मेलेल्यांसाठी एवढं करणारे लोक राहत कुठं होते? खाप्याच्या वर्तुळांजवळ टाकळघाटला त्यांची वस्ती सापडली, नायकुंडलाही सापडली. आमच्याकडे नाल्याच्या वळणावर एका मावशींच्या वावरात पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, आहे, मातीनं वर आलेली, आणि नांगरटीत तिथं खापरं वर येतात. तिथली पांढरी माती लोक घराच्या धाब्यावर टाकायला नेत आले आहेत. आम्ही मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मोजा बाई, पण तूर निघाल्यावर." तोवर माती कुणाला नेऊ देणार नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं. तूर जानेवारीच्या अखेरीस निघेल. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही वावराच्या उत्तर कोपऱ्यापासून चौकोन आखायला सुरुवात करणार आहोत, पाच-पाच मीटरचे, आणि प्रत्येक चौकोनात वर दिसणारी खापरं जागेवरच मोजून तिथंच सोडणार आहोत. जवळपासच्या ज्यांना शिकायचं असेल त्यांनी उजाडायच्या आत नाल्यावर यावं. टोपी आणि पाणी सोबत आणावं, खुरपं घरी ठेवावं.